ध्यानवर्गाची सोळा पानी पुस्तिका : प्रकल्प नोंदी

४ ऑक्टोबर २०२५

संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने २०२४ मध्ये २१ डिसेंबर हा जागतिक ध्यान दिन म्हणून जाहीर केला. त्याच दिवशी आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात आठ आठवड्यांचा ध्यानवर्ग सुरू करण्याचे कार्यकारिणीने ठरवले असून, वर्गासोबत द्यायच्या सोळा पानी माहितीपुस्तिकेचे काम माझ्याकडे आणि संघाच्या सदस्य असलेल्या एका निवृत्त डॉक्टरबाईंकडे सोपवले आहे. आमच्या हाती आलेला मसुदा म्हणजे गेल्या काही वर्षांत सदस्यांच्या व्हॉट्सॲप गटावर फिरलेल्या मजकुराचे संकलन आहे. ध्यानाने रक्तदाब उतरतो, मधुमेह मुळापासून जातो, विसरभोळेपणा नाहीसा होतो, आठ आठवड्यांत मेंदूची रचना पालटते, गुडघे मोकळे होतात, असे फायदे त्यात क्रमांक घालून ओळीने दिले आहेत. लिहिणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. मात्र हे वाचून एखाद्याने उद्या इन्सुलिन बंद केले तर त्याची जबाबदारी पुस्तिकेवर संघाचे नाव छापणाऱ्यांवर येईल.

आम्ही दोघांनी कामाचा एकच नियम ठरवला आहे. प्रत्येक दाव्यामागचा अभ्यास शोधायचा आणि त्याला विचारायचे की तो किती माणसांवर झाला, त्यांची वये काय होती आणि ध्यानाची तुलना कशाशी केली गेली. यातला तिसरा प्रश्न सर्वांत कामाचा आहे. काहीच न करणाऱ्या गटाशी तुलना केली तर जवळपास कोणताही उपक्रम गुणकारी ठरतो, मग तो ध्यानवर्ग असो, भजनी मंडळ असो की सकाळचा हास्यक्लब.

९ ऑक्टोबर २०२५

वर्गात कोणते ध्यान शिकवायचे, हे आधी नक्की झाल्याशिवाय त्याच्या फायद्यांविषयी लिहिता येत नाही. अष्टांगयोगातले सातवे अंग म्हणून ध्यान, बौद्ध परंपरेतली आनापान (श्वासावर लक्ष ठेवणे) आणि विपश्यना (शरीरातल्या संवेदनांचे निरीक्षण), वारकऱ्यांचे नामस्मरण, मंत्रावर आधारलेले भावातीत ध्यान, या सर्वांना आपण सरसकट ध्यान म्हणत असलो तरी त्यांतून घडणारी क्रिया सारखी नाही आणि त्यांच्यावर झालेले अभ्यासही वेगवेगळे आहेत. आम्ही तीन सोप्या गोष्टी निवडल्या : नैसर्गिक श्वासाकडे लक्ष देणे, डोक्यापासून पायापर्यंत शरीरभर क्रमाने लक्ष फिरवणे, आणि ज्यांना सवय आहे त्यांच्यासाठी संथ जप.

आठ आठवड्यांचा काळही परंपरेतून आलेला नाही. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात दीर्घकाळ दुखण्याने बेजार झालेल्या रुग्णांसाठी सजगतेचा, म्हणजे चालू क्षणाकडे सावधपणे लक्ष देण्याचा, जो अभ्यासक्रम सुरू केला, तो पुढे आठ आठवड्यांचा म्हणून स्थिरावला आणि बहुतेक वैद्यकीय चाचण्या त्याच्यावरच झाल्या. मात्र त्या अभ्यासक्रमात आठवड्यातून एकदा सुमारे अडीच तासांची बैठक, मध्ये एक पूर्ण दिवस आणि घरी रोज जवळपास पाऊण तासाचा सराव असतो, तर आमच्या वर्गात रोजची वीस मिनिटे आहेत. त्यामुळे तिकडचा निष्कर्ष इकडे जसाच्या तसा लागू होईल, असे पुस्तिकेत कुठेही सूचित होता कामा नये. डॉक्टरबाईंनी हे वाक्य मसुद्याच्या वरच्या समासात लाल शाईने लिहून ठेवले आहे.

१४ ऑक्टोबर २०२५

आज इतिहासाचे पान लिहिले. ध्यानाचा शास्त्रीय अभ्यास परदेशात सुरू झाला आणि मग आपल्याला त्याची किंमत कळली, अशी एक समजूत आहे. ती खरी नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधामाची स्थापना केली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढून योगक्रियांची प्रयोगशाळेत केलेली मोजमापे त्यात छापायला सुरुवात केली. क्ष-किरण आणि दाबमापक लावून योगक्रिया तपासण्याचा हा उद्योग आता शंभर वर्षांचा झाला आहे.

पुढचा प्रसंग मला मुद्दाम घ्यावासा वाटला. काही योगी हृदय थांबवू शकतात, असा दावा त्या काळी केला जाई. अमेरिकी संशोधक वेंगर आणि बागची यांनी दिल्लीच्या आनंद यांच्यासह असा दावा करणाऱ्या मोजक्या साधकांना हृदयविद्युत आलेखाच्या यंत्राला जोडून पाहिले आणि १९६१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. श्वास कोंडून छाती व पोटाचे स्नायू आवळल्यामुळे छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते, नाडी हाताला लागेनाशी होते आणि हृदयाचे ठोकेही ऐकू येईनासे होतात. आलेखावर मात्र हृदय चालूच दिसत होते. यात त्या साधकांची फसवेगिरी होती असे मी म्हणणार नाही, कारण नाडी खरोखरच लागत नव्हती. मनगटावर बोट ठेवून काढलेला निष्कर्ष आणि यंत्र लावून काढलेला निष्कर्ष यांत पडलेला हा फरक आहे.

१९७० च्या आसपास भावातीत ध्यान करणाऱ्यांवर झालेल्या प्रयोगांत शरीराचा प्राणवायूचा वापर सुमारे १७ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले आणि ध्यान ही झोप व जागृती यांपलीकडची वेगळी अवस्था आहे, असा बोलबाला झाला. मग १९८४ मध्ये डेव्हिड होम्स या मानसशास्त्रज्ञाने त्यावेळपर्यंतचे असे प्रयोग एकत्र केले, ज्यांत ध्यान करणाऱ्यांची तुलना नुसतेच डोळे मिटून विश्रांती घेणाऱ्यांशी केली होती. हृदयगती, श्वासगती, रक्तदाब यांत दोन्ही गटांमध्ये सातत्याने दिसेल असा फरक आढळला नाही. आमच्या तिसऱ्या प्रश्नाचे याहून चांगले उदाहरण मिळणार नाही, म्हणून त्याला अर्धे पान दिले आहे. वीस मिनिटे शांत बसल्याने शरीराला विसावा मिळतो, हे त्यावरून नाकारले जात नाही. तो विसावा ध्यानाच्या विशिष्ट पद्धतीमुळेच मिळतो, हे सिद्ध होत नाही, एवढेच. वामकुक्षीवाल्यांनी हे वाचून खुश व्हायला हरकत नाही.

२८ ऑक्टोबर २०२५

दिवाळीमुळे काम थांबले होते. आज मनाच्या आरोग्याचे पान हाती घेतले.

या पानाचा आधार २०१४ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी केलेला आढावा आहे. त्यांनी ४७ चाचण्या आणि त्यांतल्या ३,५१५ व्यक्तींची माहिती तपासली. या आढाव्याचे मोल असे की त्यांनी फक्त त्याच चाचण्या घेतल्या, ज्यांत तुलनेच्या गटालाही काही ना काही उपक्रम आणि शिक्षकाचे लक्ष मिळाले होते. ही चाळणी लावल्यावरही सजगता-ध्यानाने चिंता, नैराश्याची लक्षणे आणि वेदना यांत मर्यादित प्रमाणात सुधारणा होते, याला मध्यम दर्जाचा पुरावा उरला. मनावरचा ताण आणि जीवनमान यांविषयीचा पुरावा त्याहून कमकुवत निघाला. झोप, वजन आणि एकाग्रता यांविषयी ठाम काही सांगता येईल एवढे त्यात सापडले नाही. औषधे, व्यायाम किंवा इतर मानसोपचार यांच्यापेक्षा ध्यान वरचढ आहे, असेही दिसले नाही.

अध्यक्षांना हे पान वाचून दाखवल्यावर ते म्हणाले, “अहो, एवढं मोजून मापून लिहिलंत तर वर्गाला येणार कोण?” त्यांची काळजी मला समजते. तरीही सत्तरीतल्या माणसाची चिंता थोडीशी का होईना हलकी होत असेल, त्यासाठी पैसे मोजावे लागत नसतील आणि गोळी घ्यावी लागत नसेल, तर तेवढे सांगूनही लोक येतील, असे माझे मत आहे. पान तसेच ठेवले.

३ नोव्हेंबर २०२५

चिंताविकाराविषयी आणखी एक चौकट जोडली. २०२२ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत चिंताविकार असलेल्या २७६ प्रौढांपैकी निम्म्यांना आठ आठवड्यांचा सजगता-अभ्यासक्रम दिला आणि निम्म्यांना एसिटालोप्राम हे नेहमीच्या वापरातले औषध. अखेरपर्यंत २०८ जण टिकले. लक्षणांतली घट दोन्ही गटांत जवळपास सारखी होती आणि अभ्यासक्रम औषधापेक्षा उणा पडला नाही. त्रासदायक परिणामांच्या तक्रारी औषधाच्या गटात बऱ्याच जास्त होत्या.

चौकट छापावी की नाही, यावर आम्हा दोघांत बराच वेळ चर्चा झाली. डॉक्टरबाईंचे म्हणणे असे की वृत्तपत्रांत ही बातमी ‘ध्यान औषधाइतकेच प्रभावी’ या मथळ्याखाली आली होती आणि तो मथळा वाचून आपल्या मनाने गोळ्या सोडणारे त्यांनी पाहिले आहेत. शिवाय या चाचणीत काहीच उपचार न घेणारा तिसरा गट नव्हता, आणि आपल्याला ध्यान मिळाले की गोळी, हे प्रत्येकाला ठाऊक होते. शेवटी चौकट ठेवली, पण तिच्या खाली ठळक अक्षरांत ओळ घातली : चालू औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय कमी करू नये, बंद तर अजिबात करू नये.

७ नोव्हेंबर २०२५

स्मरणशक्ती आणि मेंदू. आमच्या सदस्यांना सर्वाधिक भीती विस्मरणाची वाटते आणि जुन्या मसुद्यातले सर्वांत मोठे दावेही त्याच विषयावर होते, म्हणून या पानावर जास्त वेळ गेला.

ध्यानाने मेंदू बदलतो, या दाव्याचे मूळ दोन छोट्या अभ्यासांत सापडते. २००५ मध्ये बोस्टन परिसरातील संशोधकांनी अनेक वर्षे ध्यान करणाऱ्या २० जणांच्या मेंदूची छायाचित्रे ध्यान न करणाऱ्या १५ जणांशी ताडून पाहिली, तेव्हा मेंदूच्या बाह्यकाचे, म्हणजे बाहेरच्या थराचे, काही भाग ध्यान करणाऱ्यांमध्ये अधिक जाड दिसले. मुळातच तसा मेंदू असलेली माणसे ध्यानाकडे वळत असतील का, याचे उत्तर अशा अभ्यासातून मिळत नाही. २०११ मध्ये आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या १६ जणांच्या मेंदूत स्मृतीशी संबंधित भागाची घनता वाढल्याचे प्रसिद्ध झाले. ‘आठ आठवड्यांत मेंदू बदला’ हे घोषवाक्य तिथून निघाले आणि अजून फिरते आहे.

त्याच्या बरोबरीने जे फिरले नाही, ते असे. विस्कॉन्सिन विद्यापीठातील संशोधकांनी २०२२ मध्ये दोन चाचण्या मिळून २१८ नवख्या व्यक्तींची माहिती प्रसिद्ध केली. त्यांची गटवारी चिठ्ठ्या टाकाव्या तशी केली होती आणि तुलनेसाठी दुसरा आरोग्य-अभ्यासक्रम घेणारा गटही होता. आठ आठवड्यांनंतर मेंदूच्या रचनेत अभ्यासक्रमामुळे झालेला म्हणता येईल असा बदल आढळला नाही. ध्यानाच्या अभ्यासासाठीच नावाजलेल्या प्रयोगशाळेतून हा निष्कर्ष यावा आणि त्यांनी तो न लपवता छापावा, याचे मला विशेष वाटते.

त्याच वर्षी आलेली दुसरी चाचणी तर थेट आमच्या वयोगटावरची आहे. विसरायला होते अशी स्वतःच तक्रार करणाऱ्या, पण स्मृतिभ्रंशाचे निदान नसलेल्या ६५ ते ८४ वयाच्या ५८५ जणांना सजगतेचे प्रशिक्षण, व्यायाम, दोन्ही, किंवा निव्वळ आरोग्यशिक्षण असे चार प्रकारे विभागले. सहा महिन्यांनी स्मरणाच्या चाचणीत ध्यानाचा फायदा दिसला नाही, आणि व्यायामाचाही दिसला नाही. ‘स्मरणशक्ती वाढते’ हे कलम मसुद्यातून काढून टाकले आणि तिथे हीच चाचणी चार ओळींत लिहिली.

१२ नोव्हेंबर २०२५

झोपेच्या बाबतीत मात्र आनंदाने लिहिता आले. लॉस एंजेलिसमध्ये झोपेची तक्रार असलेल्या, सरासरी ६६ वर्षांच्या ४९ जणांपैकी काहींना सहा आठवडे सजगतेचा सराव दिला आणि इतरांना झोपेच्या चांगल्या सवयींचे शिक्षण. झोपेच्या गुणवत्तेचा जो निर्देशांक वापरला त्यात आकडा जितका कमी तितकी झोप चांगली. ध्यानाच्या गटात तो १०.२ वरून ७.४ वर आला, तर शिक्षणाच्या गटात ९.१ वर. अभ्यास लहान आहे, पण तुलना रास्त आहे आणि वय आमचे आहे. पहाटे तीनला जाग येऊन छताकडे पाहत पडणाऱ्यांची आमच्याकडे वाण नाही.

कंबरदुखीचा अभ्यासही ६५ वर्षांवरील २८२ जणांचा मिळाला. आठ आठवड्यांनंतर त्यांच्या हालचालीत सुधारणा झाली, पण सहा महिन्यांनी आरोग्यशिक्षण घेतलेल्या गटाच्या तुलनेत हालचालीतला तो फायदा टिकलेला नव्हता. दोन्ही वाक्ये पुस्तिकेत शेजारी शेजारी ठेवली. गुडघ्यांचे कलम वगळले.

१७ नोव्हेंबर २०२५

रक्तदाब आणि श्वास. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासून जी भूमिका घेतली, ती आम्ही जवळपास तशीच स्वीकारली : हृदयविकाराचा धोका कमी करण्यात ध्यानाचा उपयोग होण्याची शक्यता आहे, खर्च आणि जोखीम कमी आहे, म्हणून आहार, व्यायाम, औषधे यांच्या जोडीला ते करता येईल, त्यांच्या जागी नव्हे.

श्वास संथ झाल्यावर शरीरात काय घडते, हे मात्र सविस्तर सांगण्यासारखे आहे. श्वास आत घेताना हृदयाची गती किंचित वाढते आणि सोडताना किंचित उतरते, कारण उच्छ्वासाच्या वेळी व्हेगस या मज्जातंतूचा हृदयावरचा अंकुश घट्ट होतो. मानेतल्या मुख्य रोहिणीत आणि हृदयाजवळच्या महारोहिणीच्या कमानीत रक्ताचा दाब जाणणारे संवेदक असतात. दाब चढला की त्यांच्या संदेशावरून हृदय मंदावते, उतरला की वेग धरते. मिनिटाला साधारण सहा श्वास या गतीला श्वासाची लय आणि दाब सावरण्याच्या या यंत्रणेची लय जुळतात आणि यंत्रणा अधिक तत्परतेने काम करू लागते. इटलीत २३ निरोगी व्यक्तींवर झालेला आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग इथे नेमका बसतो. संशोधकांनी कॅथलिक जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना आणि ‘ॐ मणि पद्मे हुम्’ हा मंत्र म्हणवून घेतला, तेव्हा दोन्ही वेळी श्वासाची गती आपोआप मिनिटाला सुमारे सहावर आली आणि दाब सावरणाऱ्या यंत्रणेची संवेदनक्षमता वाढली. श्वास मोजा, असे कुणी सांगितले नव्हते. शब्दांच्या लांबीनेच ते काम केले.

म्हणून आज संघाच्या हॉलमध्ये जपाची चाचणी घेतली. ‘रामकृष्णहरि’ एका उच्छ्वासात एकदाच म्हटले तर श्वास नेहमीसारखा आखूडच राहतो. तेच सावकाश, एका उच्छ्वासात तीनदा म्हणून मग श्वास घ्यायचा, असे ठरवल्यावर बहुतेकांचे एक आवर्तन दहा सेकंदांच्या आसपास आले. एक आजी मनगटावर तुळशीची माळ घेऊनच बसल्या होत्या. त्यांनी दर तीन मण्यांनंतर अंगठा थांबवून श्वास घेण्याची रीत स्वतःच काढली आणि शेजारच्या दोघींना शिकवलीही. पुस्तिकेतली कृती त्यांच्या रीतीप्रमाणे लिहिली आहे. दम्याचा त्रास असलेल्या एका सदस्यांना दोन आवर्तनांतच ओढल्यासारखे झाले, म्हणून ‘जमेल तितकेच, श्वास ताणू नये’ ही सूचना कृतीच्या आधी घातली, नंतर नव्हे.

२१ नोव्हेंबर २०२५

१७ तारखेच्या जपाच्या चाचणीनंतरच्या बैठकीत नाही, पण आजच्या चहाच्या वेळी एका वारकरी काकांनी हरकत घेतली. ते म्हणाले, “बीपी उतरावं म्हणून नाव घ्यायचं, हे काही मला पटत नाही बुवा.” हरकत रास्त आहे. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर एक वाक्य घातले : या पुस्तिकेत शरीर आणि मनावर होणाऱ्या परिणामांपुरतीच माहिती आहे, साधनेचे प्रयोजन ज्याच्या त्याच्या परंपरेने सांगितलेलेच प्रमाण मानावे. काकांनी वाक्य वाचले, ‘सांगितलेले’च्या पुढे ‘च’ त्यांनीच जोडायला लावला आणि वर्गासाठी नाव नोंदवले.

२६ नोव्हेंबर २०२५

सावधगिरीचे पान. जुन्या मसुद्यात हा विषयच नव्हता. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात ध्यानाच्या ८३ अभ्यासांवरून सुमारे ८ टक्के लोकांना काही ना काही त्रास झाल्याचे आढळले. त्यांत चिंता आणि खिन्नता वाढल्याच्या तक्रारी सर्वाधिक होत्या. मानसोपचारांतही साधारण इतक्याच लोकांना त्रास होतो, हे लक्षात घेता घाबरण्याचे कारण नाही, पण गप्प बसण्याचेही नाही.

रोजची वीस मिनिटे आणि दीर्घ शिबिर यांत मोठे अंतर आहे, हेही लिहिणे भाग होते, कारण वर्ग संपल्यावर इगतपुरीला जायचे, असे अनेकांनी आताच ठरवले आहे. सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेतील धम्मगिरी या तिथल्या विपश्यना केंद्रात होणाऱ्या दहा दिवसांच्या शिबिरात पहाटे चारला उठणे, दिवसाला दहा तासांच्या आसपास बैठक आणि आर्य मौन, म्हणजे बोलणे व खाणाखुणाही बंद, असे असते. पहिले साडेतीन दिवस आनापान आणि मग विपश्यना असा क्रम असतो. गंभीर मानसिक आजार असलेल्यांना तिथे प्रवेश घेऊ नये असे सांगितले जाते आणि अर्जात तशी विचारणाही असते. ती माहिती खरी भरावी, असे आम्ही लिहिले आहे. पूर्वी तीव्र नैराश्य, भास किंवा मोठा मानसिक आघात अनुभवलेल्यांनी वर्गात येण्यापूर्वी डॉक्टरबाईंशी खाजगीत बोलावे. डोळे मिटल्यावर अस्वस्थता वाढली तर डोळे उघडे ठेवावेत, उठून चालावे, आणि तरीही राहिली तर सराव थांबवावा.

४ डिसेंबर २०२५

बैठकीची चित्रे आली. चित्रकाराने सर्वांना पद्मासनात बसवले होते, तेही पाठीमागे उगवता सूर्य घालून. ती परत पाठवली. आता दोन चित्रे आहेत : हात नसलेल्या साध्या खुर्चीवर पावले जमिनीला टेकवून बसलेल्या नऊवारीतल्या आजी आणि भिंतीला पाठ लावून सतरंजीवर बसलेले आजोबा. सराव संपल्यावर लगेच उभे राहू नये, विशेषतः रक्तदाबाची गोळी चालू असेल तर, ही ओळ चित्राखालीच घेतली. बराच वेळ बसून एकदम उठल्यावर दाब खाली येऊन तोल जाऊ शकतो, आणि या वयात एका पडण्याची किंमत फार मोठी असते.

१२ डिसेंबर २०२५

प्रुफे तपासून छापखान्यात दिली. अक्षर चौदा पॉइंटचे ठेवल्यामुळे मजकूर सोळा पानांत मावेना, म्हणून इतिहासाच्या पानातला प्राणवायूचा परिच्छेद छोटा केला. सावधगिरीचे पान तोकडे करण्याची सूचना आली होती, ती मान्य केली नाही. मुखपृष्ठावर अध्यक्षांनी सुचवलेले ‘निरोगी जीवनाची गुरुकिल्ली’ हे शीर्षक मागे पडून ‘ध्यान : काय होते, काय होत नाही’ असे राहिले.

१८ डिसेंबर २०२५

पुस्तिका छापून आल्या. सोबतच्या नोंदपत्रकावर डॉक्टरबाईंनी शेवटचा हात फिरवला. सदस्याने रोज बसलेली मिनिटे, रात्रीची झोप आणि मनाची स्थिती एक ते पाचमध्ये भरायची. रक्तदाब आठवड्यातून एकदा, एकाच यंत्रावर, बैठकीच्या आधी पाच मिनिटे शांत बसवून घ्यायचा. या पत्रकावरून ध्यानाचा गुण सिद्ध होणार नाही, कारण आमच्याकडे तुलनेचा गट नाही, आणि ते पत्रकाच्या पाठीवर छापलेही आहे. कोण नियमित येतो, कुणाची झोप बिघडते आहे, कुणी गोळी परस्पर बदलली आहे, एवढे त्यावरून वेळीच कळावे. ‘औषधात बदल’ हा रकाना मधोमध घेतला असून तो दर रविवारी डॉक्टरबाई स्वतः तपासतील. खुर्च्या शेजारच्या शाळेकडून मागवल्या आहेत. त्या शनिवारी संध्याकाळी हॉलमध्ये येतील.